गुठळी काढणं हे जोराचं काम नव्हे

पक्षाघाताचा रुग्ण इस्पितळात पोहोचतो. सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, की मेंदूच्या मोठ्या धमनीत गुठळी अडकली आहे, मांडीतून नळी नेऊन ती काढावी लागेल. या प्रक्रियेला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. ऐकणाऱ्यांना वाटतं, की आत एखादं ताकदवान यंत्र जाईल आणि अडथळा खेचून काढेल. पण ही उपकरणं घडवणाऱ्यांचा झगडा नुसता जोर वाढवण्यासाठी नसतो, जोर मर्यादेत ठेवण्यासाठीही असतो. ही गोष्ट कळली की या विषयातले बरेच गैरसमज आपोआप सुटतात.

'पंप जितका जबरदस्त, तितकी गुठळी लवकर निघते' हा त्यातला सगळ्यात पक्का समज. नळीतून गुठळी ओढायची तर नळीत निर्वात तयार करावा लागतो. निर्वातापेक्षा जास्त 'रिकामं' काही असू शकत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरइतका असतो आणि कोणताही पंप त्यापलीकडे ओढू शकत नाही. साध्या पंपानं ही मर्यादा जवळजवळ गाठता येते, म्हणून पंप महागडा केला तरी फारसं काही हाती लागत नाही. हाती लागतं ते नळीचं तोंड मोठं केल्यानं, कारण ओढ तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरते. आतला व्यास दीड मिलिमीटर असेल, तर पूर्ण निर्वातातही गुठळीवरची ओढ सुमारे 18 ग्रॅम वजनाइतकीच असते. व्यास 2.2 मिलिमीटर केला, की ती 39 ग्रॅमच्या आसपास जाते. पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी फरकानं ताकद दुपटीहून जास्त होते. गेल्या पंधराएक वर्षांत या नळ्या रुंद होत गेल्या, त्याचं कारण हे साधं गणित आहे.

गुठळी नळीतून सुळकन वर येते, हेही दर वेळी खरं नसतं. शहाळं पिताना मलईचा तुकडा नळीच्या तोंडाशी अडकतो आणि नळी उचलली की तिच्याबरोबर बाहेर येतो. इथंही अनेकदा तेच घडतं. नळीचं तोंड गुठळीला घट्ट धरून ठेवतं आणि मग नळी गुठळीसकट मागे घेतात.

मग सरळ चार मिलिमीटरची नळी का नाही? कारण मेंदूतली मधली मुख्य धमनी स्वतःच जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर रुंद असते. तिथं पोहोचायला मांडीपासून मीटरभर प्रवास करायचा असतो आणि मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरॉटिड धमनीची कवटीच्या तळाशी असलेली इंग्रजी 'एस'सारखी वळणं पार करायची असतात. मागून ढकलल्यावर पुढचं टोक सरकायला हवं, म्हणून नळी मागच्या बाजूला ताठ हवी. वळणावर धमनीच्या भिंतीला टोचू नये, म्हणून ती टोकाशी अगदी मऊ हवी. आतून ओढ लागल्यावर मात्र ती चपटी होता कामा नये. तिन्ही मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. म्हणून ही नळी एकसंध प्लास्टिकची नसते. आत टेफ्लॉनसारख्या निसरड्या पदार्थाचं अस्तर, त्यावर बारीक तारेचं वेटोळं किंवा वीण, आणि बाहेरून टोकाकडे क्रमाक्रमानं मऊ होत जाणारे प्लास्टिकचे टप्पे असतात. पाण्यानं बुळबुळीत होणारा लेप वेगळाच. या सगळ्याची मिळून जाडी मिलिमीटरच्या अंशात बसवायची असते. माझ्या मते या उपकरणांतलं खरं कौशल्य या नळीच्या भिंतीत आहे, पण नातेवाइकांना दाखवल्या जाणाऱ्या चित्रांत ती नुसती एक रेष असते.

दुसरी पद्धत स्टेंट-रिट्रीव्हरची. 'स्टेंट' ऐकल्यावर तो आतच राहणार असं लोक धरून चालतात. या उपकरणाची जाळी काही मिनिटांपुरतीच धमनीत जाते आणि गुठळीसह परत येते. ती निकेल आणि टायटॅनियमच्या नायटिनॉल या मिश्रधातूची असते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत 1960च्या आसपास विल्यम ब्यूलर यांच्या कामातून हा धातू पुढे आला. साधं पोलाद एक टक्काही ताणलं गेलं की वाकडंच राहतं. नायटिनॉल सात-आठ टक्के ताणूनही मूळ आकारात येतं. म्हणून चार-सहा मिलिमीटर रुंदीची जाळी मिलिमीटरहून बारीक नळीत दाबून बसवता येते आणि गुठळीच्या पलीकडून सोडली की ती उलगडत गुठळीत रुतते. डॉक्टर काही मिनिटं थांबतात आणि मगच ओढतात. विशेष म्हणजे सॉलिटेअर हे यातलं गाजलेलं उपकरण मुळात गुठळीसाठी बनलंच नव्हतं. धमनीची भिंत फुगून तयार झालेल्या फुग्यात उपचारासाठी भरलेल्या तारा जागेवर राहाव्यात म्हणून ते होतं. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये हान्स हेंकेस यांनी 2008 साली त्यानं गुठळी काढली.

हे तंत्र अगदी अलीकडचं आहे, असंही नाही. गुठळीच्या पलीकडे जाऊन तिला मागे आणायचं, ही कल्पना थॉमस फोगार्टी यांची. सिनसिनाटीत शिकत असताना त्यांनी लॅटेक्सच्या हातमोज्याचं बोट कापून नळीला फुगा म्हणून बांधलं. गाठ बांधली मासेमारीच्या गळाला कृत्रिम माशी बांधतात त्या पद्धतीनं. पायाच्या धमन्यांसाठी 1961 पासून वापरलेली ही युक्ती आजही चालते. मेंदूत मात्र ती तशीच नेता येत नाही. तिथल्या धमन्यांची भिंत पातळ असते, आजूबाजूला आधार देणारे स्नायू नसतात, आणि त्यांना फुटलेल्या केसासारख्या शाखा ताणल्या तर तुटून रक्तस्राव होतो. वर धमनीतला रक्तदाब मागून गुठळीला आत ढकलत असतो. त्यामुळे अनेक ठिकाणी मानेतल्या धमनीत फुगा फुगवून काही काळ प्रवाह थांबवतात. मागचा दाब कमी झाला की कमी ओढीत काम होतं आणि तुकडा सुटून पुढे जाण्याचा धोकाही घटतो.

'नवं उपकरण आलं म्हणजे रुग्ण बरे होणारच' या समजुतीला 2013 साली मोठा धक्का बसला. एकाच वर्षी तीन मोठ्या चाचण्यांत या उपचाराचा फायदा दिसला नाही. त्यांत बरीच उपकरणं जुन्या पिढीची होती. 2004 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं, बूच काढण्याच्या स्क्रूसारखं मर्सी त्यांपैकी एक. अनेक रुग्णांत मोठी धमनी खरोखर बंद आहे का, याची खातरजमाही झालेली नव्हती आणि वेळही गेला होता. नेदरलँड्समधल्या 16 इस्पितळांत 500 रुग्णांवर झालेल्या 'एमआर क्लीन' या चाचणीचे निष्कर्ष 2015च्या सुरुवातीला छापून आले. स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारात 19.1 टक्के आणि या उपचारासह 32.6 टक्के निघालं. पाठोपाठ आणखी चार चाचण्यांनी तेच दाखवलं. उपकरण सुधारलं होतं, तशीच रुग्णाची निवडही.

मेंदूत चालतं ते हृदयात चालेलच, हाही तर्क टिकला नाही. हार्ट अटॅकच्या दहा हजारांहून जास्त रुग्णांवरच्या 'टोटल' चाचणीत सरसकट गुठळी ओढून काढल्यानं फायदा झाला नाही, उलट पक्षाघाताचं प्रमाण 0.3 वरून 0.7 टक्क्यांवर गेलं. हृदयाच्या धमनीत मूळ दुखणं फुटलेल्या चरबीच्या थराचं असतं. नुसती गुठळी काढून ते जात नाही, आणि नळी बाहेर घेताना सुटलेला तुकडा मेंदूकडे जाऊ शकतो. चरबीचा थर आणि गुठळी यांत लोक फार गल्लत करतात. अँजिओप्लास्टीत तो थर बाहेर काढत नाहीत, भिंतीकडे दाबून स्टेंटनं धरून ठेवतात.

गुठळ्याही सगळ्या सारख्या नसतात. तांबड्या पेशींची गुठळी मऊ असते आणि सहज तुटते. फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची चिवट असते, भिंतीला घट्ट धरते आणि जाळीखालून निसटते. उपकरणांच्या मर्यादाही वेगवेगळ्या. फुप्फुसातल्या गुठळ्यांसाठी आठ मिलिमीटरपर्यंतच्या नळ्या वापरतात, पण त्यांतून रक्तही ओढलं जातं. सलाइनच्या वेगवान झोतानं गुठळी फोडणाऱ्या उपकरणांत तांबड्या पेशी फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. स्टॅनफर्डच्या रेनी झाओ यांच्या गटानं 2025 साली मांडलेलं फिरतं उपकरण गुठळी तोडत नाही. ते फायब्रिनचे धागे दाबून-घोळवून तिला लहान करतं. हे परिणाम प्रयोगशाळेतले आणि डुकरांवरचे आहेत, त्यामुळे रुग्णांसाठी त्यावर आज भिस्त ठेवू नये.

वेळेबद्दल दोन उलट समज आहेत. सहा तास उलटले की सगळं संपलं, हे आता खरं नाही. 2018च्या चाचण्यांनंतर स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसल्यास काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत हा उपचार करता येतो. म्हणून सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही, हा दुसरा समज जास्त घातक आहे. मोठी धमनी बंद असताना मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा, 108 ला फोन करा, आणि सीटी स्कॅन व कॅथलॅब (धमनीत नळी नेऊन उपचार करण्याची सोय) दोन्ही चोवीस तास चालू असलेलं जवळचं इस्पितळ कोणतं, हे आजच माहीत करून घ्या.