क्लीन फॉर जीन

क्लीन फॉर जीन (अर्थ : ‘जीनसाठी नीटनेटके’) हे अमेरिकेच्या १९६८ सालच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत मिनेसोटाचे सेनेटर युजीन मॅकार्थी यांचा प्रचार करणाऱ्या तरुण स्वयंसेवकांचे घोषवाक्य होते. पुढे त्या संपूर्ण स्वयंसेवी प्रचारालाच हे नाव पडले. व्हिएतनाम युद्धाला विरोध असलेल्या हजारो विद्यार्थ्यांनी पदावरील राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षात घरोघरी जाऊन मते मागितली. या स्वयंसेवकांपैकी अनेकांना वयाच्या अटीमुळे स्वतः मतदान करता येत नव्हते. न्यू हॅम्पशायर राज्यातील निकालानंतर अवघ्या १९ दिवसांत जॉन्सन यांनी निवडणुकीतून माघार घेतली. मॅकार्थी यांना मात्र पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. मतदारांचे मन वळवणे आणि उमेदवार ठरवण्याचा अधिकार हाती असणे या दोन गोष्टींतील अंतर या प्रचाराने उघड केले, आणि त्यातूनच पुढे पक्षाचे नियम बदलले.

पार्श्वभूमी

१९६७च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे ५ लाख सैनिक होते. सैन्यातील अनेक तरुण सक्तीच्या लष्करभरतीतून आलेले होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिक्षण पूर्ण होईपर्यंत या भरतीतून सवलत मिळत असे. फेब्रुवारी १९६८मध्ये बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांची ही सवलत काढून घेण्यात आली. त्यामुळे विद्यापीठांतील तरुणांसाठी युद्ध हा केवळ तात्त्विक वादाचा विषय उरला नाही. त्या एका वर्षात १६ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. संपूर्ण युद्धातील हे सर्वाधिक जीवितहानीचे वर्ष ठरले.

युद्धविरोधी चळवळीतील काहींचा मोर्चे, निदर्शने आणि भरतीपत्रे जाळणे या मार्गांवर भर होता, तर निवडणुकीच्या मार्गाने धोरण बदलता येईल असे मानणारा दुसरा गट होता. या दुसऱ्या गटातील वकील ॲलर्ड लोवेन्स्टाइन व कर्टिस गॅन्स यांनी १९६७मध्ये ‘डम्प जॉन्सन’ ही मोहीम सुरू केली. जॉन्सन यांना पक्षांतर्गत आव्हान देईल असा नेता शोधणे हा तिचा उद्देश होता. न्यूयॉर्कचे सेनेटर रॉबर्ट केनेडी आणि साउथ डकोटाचे सेनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी नकार दिल्यावर मॅकार्थी यांनी होकार दिला. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी उमेदवारी जाहीर केली. या प्रचारात सामील झालेल्या अनेक विद्यार्थ्यांसाठी ही निवडणूक म्हणजे व्यवस्थेत राहून बदल घडवता येतो का, याची परीक्षा होती.

प्राथमिक निवडणुकीचे स्वरूप

भारतात पक्षाचा उमेदवार सामान्यतः पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जमलेले प्रतिनिधी निवडतात. हे प्रतिनिधी कोणाच्या बाजूचे असावेत, हे ठरवण्याचा एक मार्ग म्हणजे राज्यात घेतली जाणारी प्राथमिक निवडणूक. १९६८मध्ये ५० पैकी सुमारे १५ राज्यांतच अशी निवडणूक होत असे. उरलेल्या राज्यांत प्रतिनिधींची निवड स्थानिक सभा, राज्य अधिवेशने किंवा पक्षाच्या समित्या यांच्यामार्फत होई आणि तिच्यावर राज्यपाल, महापौर व पक्षसंघटनेतील नेते यांचा मोठा प्रभाव असे.

या निवडणुकांच्या क्रमात न्यू हॅम्पशायरचा पहिला मान होता. ईशान्येकडील या राज्याची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ७ लाख होती. प्रतिनिधींची संख्या पाहता राज्याचे महत्त्व नगण्य होते. परंतु पहिला निकाल म्हणून त्याकडे साऱ्या देशाचे लक्ष असे. राज्य लहान असल्यामुळे पैसा कमी पण माणसे भरपूर असलेल्या प्रचाराला येथे वाव होता.

न्यू हॅम्पशायरमधील प्रचार

संघटना

राज्यातील प्रचाराची सुरुवात स्थानिक कार्यकर्त्यांनी केली. डार्टमथ महाविद्यालयाशी संबंधित डेव्हिड होए आणि काँकर्ड येथील शाळेत शिक्षक असलेले जेरी स्टड्स हे त्यांपैकी प्रमुख होते. विद्यार्थी स्वयंसेवकांचे संयोजन सॅम ब्राउन यांनी केले, तर गॅन्स यांनी एकूण कामाची आखणी पाहिली. जानेवारीत थोडेच असलेले स्वयंसेवक फेब्रुवारीत झपाट्याने वाढले. जानेवारीच्या अखेरीस सुरू झालेल्या टेट आक्रमणात व्हिएतनाममधील शहरांवर एकाच वेळी हल्ले झाले आणि युद्ध लवकरच जिंकले जाईल या सरकारी आश्वासनावरील विश्वास ढासळला. त्यानंतर शनिवार-रविवारी ईशान्येकडील, तसेच दूरच्या विद्यापीठांतून बस आणि मोटारी भरून विद्यार्थी येऊ लागले. चर्चची तळघरे, सभागृहे आणि समर्थकांची घरे येथे त्यांच्या मुक्कामाची सोय केली जाई.

पेहरावाचा नियम

‘क्लीन फॉर जीन’ हे घोषवाक्य याच काळात रूढ झाले. लांब केस आणि दाढी ही त्या दशकातील बंडखोर तरुणांची ओळख होती, आणि न्यू हॅम्पशायरमधील कामगार व मध्यमवर्गीय मतदारांना ती खटकण्याची शक्यता होती. म्हणून दारोदार जाणाऱ्या मुलांनी दाढी करावी, केस कापावेत, कोट व टाय घालावा आणि मुलींनी आखूड स्कर्ट टाळावा असा आग्रह धरला गेला. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांना परत पाठवले जात नसे. पाकिटांवर पत्ते लिहिणे, मतदारांची कार्डे लावणे, पत्रके घड्या घालून भरणे अशी कार्यालयातील कामे त्यांना दिली जात.

या नियमामागे एक साधा विचार होता. मतदाराचे मत मागायचे असेल, तर त्याच्या दाराशी त्याच्या रीतीने उभे राहावे. मोर्चात स्वतःचा राग व्यक्त करता येतो. उंबरठ्यावर मात्र समोरच्याचे ऐकावे लागते. स्वतःचे वेगळेपण काही आठवड्यांपुरते बाजूला ठेवण्याची ही तयारी अनेक स्वयंसेवकांना सोपी गेली नाही. चळवळीतील जहाल गटांनी त्यांच्यावर तडजोडीचा आरोपही केला.

घरोघरी भेटी

प्रचाराचा कणा म्हणजे घरोघरच्या भेटी. डेमोक्रॅटिक मतदार आणि कोणत्याही पक्षाकडे नोंद नसलेले स्वतंत्र मतदार या दोहोंना पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत भाग घेता येत असल्याने दोन्ही गटांच्या याद्या तयार करण्यात आल्या. वस्त्या वाटून घेतल्या गेल्या. फेब्रुवारी-मार्चच्या बर्फात स्वयंसेवक दार ठोठावत, उमेदवाराचे नाव सांगत, पत्रक देत आणि मतदाराचा कल कार्डावर नोंदवत. अनुकूल, अनिश्चित व प्रतिकूल अशा नोंदींवरून पुढचे काम ठरे. अनिश्चित मतदारांशी पुन्हा संपर्क साधला जाई आणि अनुकूल मतदार मतदानाच्या दिवशी केंद्रावर पोहोचतील याची काळजी घेतली जाई.

मतदाराशी वाद घालू नये, ही स्वयंसेवकांना दिलेली महत्त्वाची सूचना होती. अनेक घरांत युद्धाचा विषय स्वयंसेवकांनी स्वतःहून काढलाही नाही. परक्या गावातून आलेली, अदबीने बोलणारी मुले थंडीत दाराशी उभी आहेत, याचाच मतदारांवर बराच प्रभाव पडला.

प्रतिस्पर्धी बाजू

जॉन्सन यांनी अधिकृतपणे उमेदवारी दाखल केली नव्हती. त्यामुळे त्यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते आणि समर्थकांना ते हाताने लिहावे लागणार होते. राज्यपाल जॉन किंग व सेनेटर थॉमस मॅकिन्टायर यांनी ही मोहीम चालवली. मतदारांकडून क्रमांक असलेल्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या घेण्याची त्यांची पद्धत होती. या पत्राचा एक भाग मतदाराकडे राही, दुसरा पक्षाकडे जाई आणि तिसरा व्हाइट हाऊसला पाठवला जाई. हा गुप्त मतदानाच्या तत्त्वाचा भंग आहे, अशी टीका मॅकार्थी यांच्या बाजूने झाली. एका बाजूने सही मागणारी पक्षसंघटना आणि दुसऱ्या बाजूने नुसते बोलायला आलेले विद्यार्थी, असे विरोधाचे चित्र त्यातून उभे राहिले.

निकाल आणि त्याचा अर्थ

१२ मार्च १९६८ रोजी मतदान झाले. मॅकार्थी यांना १० ते २० टक्के मते मिळतील असे सुरुवातीचे अंदाज होते. प्रत्यक्षात त्यांना सुमारे ४२ टक्के मते मिळाली. जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के मते मिळाली. जॉन्सन समर्थकांनी प्रतिनिधींच्या जागांसाठी गरजेपेक्षा जास्त उमेदवार उभे केल्याने त्यांची मते विभागली गेली आणि राज्यातील २४ पैकी २० प्रतिनिधी मॅकार्थी यांच्या बाजूने निवडून आले. मतांच्या हिशेबात राष्ट्राध्यक्ष पुढे होते, तरी वृत्तपत्रांनी आणि राजकारण्यांनी हा त्यांचा पराभवच मानला.

हा निकाल युद्धविरोधाचा कौल होता का, यावर अभ्यासकांत चर्चा झाली. मिशिगन विद्यापीठाच्या मतदार सर्वेक्षणावर आधारित विश्लेषणात असे आढळले, की मॅकार्थी यांना मत देणाऱ्या व जॉन्सन यांच्या युद्धधोरणावर नाराज असलेल्या मतदारांत युद्ध अधिक आक्रमकपणे लढावे असे मानणाऱ्यांची संख्या शांततावाद्यांपेक्षा जास्त होती. म्हणजेच स्वयंसेवक एका कारणासाठी दारोदार फिरले आणि अनेकांनी भलत्याच कारणासाठी मत दिले. वाद टाळण्याच्या धोरणाचे बळ आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यातून दिसतात. नाराजी एकत्र आणण्यात स्वयंसेवक यशस्वी झाले. पण त्या नाराजीमागील मत एकच आहे, असा अर्थ त्यावरून काढता येत नव्हता.

पुढील घटना

१६ मार्च रोजी रॉबर्ट केनेडी यांनी उमेदवारी जाहीर केली. कडाक्याच्या थंडीत धोका पत्करलेल्या मॅकार्थी यांच्या स्वयंसेवकांपैकी अनेकांना हे संधिसाधूपणाचे वाटले, तर काहींना केनेडी यांच्या विजयाची शक्यता अधिक वाटली. युद्धविरोधी मते दोन उमेदवारांत विभागली गेली. ३१ मार्च रोजी दूरचित्रवाणीवरील भाषणात जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या बहुतांश भागावरील बॉम्बहल्ले थांबवत असल्याचे आणि आपण पुन्हा उमेदवार नसल्याचे जाहीर केले. दोन दिवसांनी विस्कॉन्सिनमध्ये मॅकार्थी सुमारे ५६ टक्के मतांनी विजयी झाले.

त्यानंतरच्या लढती केनेडी व मॅकार्थी यांच्यात झाल्या. इंडियाना व नेब्रास्का केनेडी यांनी जिंकले, तर ओरेगन मॅकार्थी यांनी. शहरांतील कृष्णवर्णीय व कामगार वस्त्यांत केनेडी यांना मोठा पाठिंबा होता. विद्यापीठांतून आलेल्या, प्रामुख्याने श्वेतवर्णीय मध्यमवर्गीय स्वयंसेवकांच्या प्रचाराला तेथे फारसे यश आले नाही. ४ जूनला कॅलिफोर्नियात केनेडी सुमारे ४६ विरुद्ध ४२ टक्के मतांनी विजयी झाले. त्याच रात्री त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ६ जून रोजी त्यांचे निधन झाले.

शिकागो अधिवेशन

ऑगस्टच्या अखेरीस शिकागो येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकाही प्राथमिक निवडणुकीत प्रचार करून लढत दिली नव्हती. तरीही पक्षसंघटनेच्या पाठिंब्यावर पहिल्याच फेरीत त्यांना १,७५०हून अधिक मते मिळून उमेदवारी मिळाली; मॅकार्थी यांना ६०१ मते पडली. युद्धाविषयीचा शांतता ठरावही फेटाळण्यात आला. बाहेर पोलिसांनी निदर्शकांवर केलेल्या लाठीमारातील जखमींवर मॅकार्थी यांच्या कार्यकर्त्यांनी कॉनराड हिल्टन हॉटेलच्या १५व्या मजल्यावर प्रथमोपचार केले. अधिवेशन संपल्यावर, ३० ऑगस्टच्या पहाटे, खिडक्यांतून वस्तू फेकल्याचा आरोप करत पोलिसांनी याच मजल्यावर शिरून स्वयंसेवकांना मारहाण केली.

मॅकार्थी यांनी हम्फ्री यांना पाठिंबा दिला तो मतदानाला जेमतेम आठवडा उरलेला असताना. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन १ टक्क्याहून कमी मताधिक्याने विजयी झाले. निराश झालेले तरुण अखेरच्या टप्प्यात घरी बसले नसते तर निकाल बदलला असता का, हा प्रश्न पुढे वारंवार चर्चिला गेला.

निधी

हा प्रचार सामान्यांच्या श्रमावर उभा असला, तरी पैशासाठी तो केवळ छोट्या देणग्यांवर अवलंबून नव्हता. स्ट्युअर्ट मॉट यांच्यासारख्या युद्धविरोधी धनिकांनी मोठ्या रकमा दिल्या. १९७०च्या दशकात देणग्यांवर मर्यादा घालणारा कायदा झाल्यावर मॅकार्थी व मॉट हे दोघेही त्याला आव्हान देणाऱ्यांत होते. प्रस्थापित नेत्याविरुद्ध नव्या उमेदवाराला उभे राहण्यासाठी मोजक्या देणगीदारांची गरज असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये खर्चावरील मर्यादा बव्हंशी रद्द केल्या, मात्र देणग्यांवरील मर्यादा कायम ठेवल्या.

परिणाम

शिकागोतील अनुभवानंतर पक्षाने प्रतिनिधी निवडीचे नियम तपासण्यासाठी आयोग नेमला. तो मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोग या नावाने ओळखला जातो. प्रतिनिधींची निवड खुली, पूर्वसूचना देऊन आणि निवडणुकीच्या वर्षातच व्हावी, तसेच तरुण, स्त्रिया व अल्पसंख्याकांना त्यात स्थान मिळावे, असे नियम त्याने केले. त्यामुळे अनेक राज्यांनी प्राथमिक निवडणुका स्वीकारल्या. १९७२मध्ये अशा राज्यांची संख्या २०हून अधिक झाली. हम्फ्री यांनी वापरलेला मार्ग त्यानंतर जवळपास बंद झाला.

१९६८मध्ये न्यू हॅम्पशायरसह बहुतेक राज्यांत मतदानाचे किमान वय २१ होते, तर लष्करभरती १८व्या वर्षापासून लागू होती. ही विसंगती विद्यार्थ्यांच्या प्रचारामुळे अधिक ठळक झाली. १ जुलै १९७१ रोजी मंजुरी मिळालेल्या २६व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले.

या प्रचारातील अनेक जण पुढे सार्वजनिक जीवनात राहिले. लोवेन्स्टाइन १९६८मध्येच प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि स्टड्स यांनी १९७३पासून मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधित्व केले. ब्राउन १५ ऑक्टोबर १९६९च्या देशव्यापी व्हिएतनाम मोरॅटोरियम आंदोलनाच्या संयोजकांपैकी एक होते; जिमी कार्टर यांच्या काळात त्यांनी स्वयंसेवी सेवेच्या केंद्रीय संस्थेचे प्रमुखपद भूषवले. अमेरिकेचे व्हिएतनाममधील युद्ध मात्र जानेवारी १९७३मधील पॅरिस करारापर्यंत सुरूच राहिले.