पाचव्या महिन्यातली फाईल

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. अंगाने बाळसेदार, रडणंही चांगलं. पण तिसऱ्या दिवशी ओठ निळे पडू लागले आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. १९७६ सालची ही गोष्ट. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं ग्रहणात आईने भाजी चिरली. ते बोलणं आईच्या मनातून कधी गेलं नाही. गेल्या वर्षी भाचीच्या बाळंतपणात ही जुनी आठवण घरात पुन्हा जागी झाली.

भाचीचं सासर खानापूर तालुक्यात, माहेर चंदगडकडे. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टर बाळाच्या हृदयापाशी बराच वेळ थांबले आणि 'फीटल इको' करून घ्यायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बाळ पोटात एवढं हलतंय, त्याला काय धाड भरलीय?"

प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक घराला ठाऊक हवं. पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेमार्फत मिळतो. म्हणून हृदयात मोठा दोष असला तरी बाळ पोटात वाढतं, हलतं, लाथा मारतं. जन्मानंतर फुप्फुसं कामाला लागतात आणि हृदयाजवळची एक छोटी वाहिनी काही दिवसांत आपोआप बंद होते. काही बाळांचा जीव नेमका त्या वाहिनीवरच तगून असतो. घरी पेढे वाटून होतात न होतात तोच बाळ निळं पडतं, ते यामुळे.

जन्मतः हृदयदोष हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा जणांत आढळतो. आईला आधीपासून मधुमेह असेल, सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला असेल, आधीच्या मुलाला किंवा आईवडिलांना हृदयदोष असेल तर धोका वाढतो. आपल्या भागात मामा-भाची, आते-मामे भावंडं अशी नात्यात लग्नं होतात. तिथेही तो वाढतो. पण असे दोष असलेली बहुतेक बाळं यातलं काहीच नसलेल्या आयांच्या पोटी येतात. म्हणून 'आमच्या घराण्यात कुणाला नाही' एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

शेवटच्या पाळीपासून अठरा ते बावीस आठवड्यांत होणाऱ्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या पाहिल्या जातात. शंका आली तर फीटल इको. तीही सोनोग्राफीच, फक्त हृदयापुरती आणि अधिक बारकाईची. सुई नाही, वेदना नाही. मुलगा की मुलगी हे मात्र कुणी विचारू नये. १९९४ च्या कायद्याने ते विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

भाचीच्या बाळाच्या दोन्ही मुख्य रक्तवाहिन्यांची जागा उलटसुलट झाली होती. ते ऐकून घरात चूल पेटली नाही. 'आता पाडायला सांगणार' ही पहिली भीती. पण डॉक्टरांनी सांगितलं, यावर शस्त्रक्रिया आहे. फक्त बाळंतपण हृदयाची सोय असलेल्या इस्पितळात करा. तसंच केलं. जन्मल्याबरोबर ती वाहिनी उघडी ठेवणारं औषध शिरेतून सुरू झालं आणि दहाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आज मुलगी रांगते आहे.

सोनोग्राफीत सगळंच दिसतं असं नाही. लहान छिद्रं पोटात असताना ओळखू येत नाहीत. म्हणून जन्मानंतर दुसऱ्या दिवशी बाळाच्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून पाहायला सांगावं. दूध पिताना दम लागणं, कपाळाला घाम, वजन न वाढणं, ओठ निळसर होणं यांकडे दुर्लक्ष करू नये. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयदोषाचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

आणि एक आपल्या रीतीचं. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते. डोहाळजेवण होतं, हिरवी साडी येते, ओटी भरली जाते. पण सोनोग्राफीची फाईल सासरच्या कपाटात राहते. आपल्याकडे तर सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या. माहेरचा डॉक्टर कोऱ्या कागदावरून सुरुवात करतो. पिशवीत साडीच्या आधी ती फाईल ठेवा.

नातीच्या लेकीला मांडीवर घेऊन आईने परवा विचारलं, "माझ्या बाळाचंही असंच असेल का रे?" मी म्हटलं, "ते आता सांगता येणार नाही. पण ग्रहणाचा आणि भाजीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, एवढं नक्की." आई काही बोलली नाही. बराच वेळ त्या पोरीची छाती वर-खाली होताना बघत राहिली.