कुळागरातील औषधी सोबती

औषधी द्रव्यांच्या संग्रहाचा विचार करताना चरकसंहितेच्या कल्पस्थानात देश, काल, गुण व भाजन या चार संपदा सांगितल्या आहेत. आज औषधशाळांत येणाऱ्या बऱ्याच कच्च्या मालाचा देशही ठाऊक नसतो आणि कालही. मिऱ्यांत पपईच्या बिया, दालचिनीच्या जागी कॅसियाची जाड साल, हे अनुभव व्यवसायबंधूंना नवे नाहीत. यास्तव कोकणातील आगर व गोव्यातील कुळागर यांकडे वैद्यवर्गाने द्रव्यसंग्रहाच्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

नारळ-पोफळी सर्वांत वर, त्यांच्या सावलीत जायफळ व दालचिनी, खोडांवर मिरवेल, तळाशी केळ, हळद, आले, अळू व अननस, आणि कडेला कोकम अशी ही रचना असते. डोंगराच्या झऱ्याचे पाणी पाटाने खेळविले जाते. रत्नागिरीनजीक भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने नारळात मसाला पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत याच तत्त्वावर प्रसृत केली आहे.

सोबत्यांची निवड

प्रकाश, मुळांचा विस्तार व ओलावा या तीन कसोट्या मुख्य होत. नारळाचे अंतर साधारणतः 7.5 मीटर असते व त्याची बहुतांश कार्यक्षम मुळे बुंध्यापासून 2 मीटरच्या आत असतात. तेवढे आळे मोकळे सोडून उरलेली भूमी सोबत्यांना द्यावी. बाग कोवळी असताना हळद, आले व केळ उत्तम येतात. सावली दाटल्यावर हळदीचे उत्पन्न घटते, तर पिंपळीस विरळ सावली व ओलावा मानवतो. जायफळ व कोकम यांत नर-मादी वृक्ष भिन्न असल्याने रोपांऐवजी मादीची कलमे लावून थोडे नर राखावेत.

सुंठ, मिरी व पिंपळी एकाच बागेत पिकल्यास त्रिकटूचे तिन्ही घटक ज्ञात भूमीतून मिळतात. काढणीचा कालही मग आपल्या हाती राहतो. पिंपळी पूर्ण वाढलेली परंतु न पिकलेली घ्यावी. मिऱ्याच्या घोसातील एखाद-दुसरा दाणा तांबडा होताच घोस उतरवावा. सुंठीचे आले पाने पिवळी पडल्यावरच खणावे.

दक्षता

आले व हळद एकाच वाफ्यात पाठोपाठ घेऊ नयेत, कंदकुजीस निमंत्रण मिळते. मिरवेलीच्या मुळाशी पाणी साचल्यास मर रोग बळावतो. पोफळीच्या फळगळीवर बोर्डो मिश्रण फवारतात, ते खालच्या पिंपळीवर ठिबकते. म्हणून माल घेताना फवारणी व काढणी या दोहोंच्या तारखा मागितल्याच पाहिजेत.

औषधशाळांचे कर्तव्य

सुपारीचा बाजार बागायतदारास परिचित आहे. पिंपळीचा ग्राहक मात्र त्यास दिसत नाही, आणि ग्राहकावाचून तो ती लावणार नाही. तेव्हा एका तालुक्यातील दोन-तीन औषधशाळांनी एकत्र येऊन लागवडीपूर्वीच परिमाण व भाव लेखी ठरवावा. 2000 साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टी नुसार कच्च्या मालाच्या नोंदी आपण ठेवतोच. त्यांत बागेचे गाव, काढणीची तारीख व फवारणीचा तपशील यांची भर पडली, तर देश आणि काल या दोन संपदा ग्रंथातून आपल्या नोंदवहीत उतरतील. येत्या पावसापूर्वी व्यवसायबंधूंनी आपल्या परिसरातील एका तरी बागायतदाराशी ही बोलणी आरंभावी, ही आमची विनंती.