ठरवून केलेल्या चुका

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला पिकअप उघडला तर आत निघतं ते इतकंच: चुंबक, बॉबिन आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये ही तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे वेढे साधारण आठ हजार. एवढ्याशा ऐवजावर दंतकथा मात्र ढीगभर.

गैरसमज: जुने गाजलेले पिकअप हातांनी गुंडाळलेले होते, म्हणूनच ते तसे वाजतात.

हे अर्धंच खरं आहे. कॅलिफोर्नियात फुलर्टन इथल्या फेंडरच्या कारखान्यात बॉबिन मोटरवर फिरायचं आणि तार कामगार बोटांनी इकडून तिकडे न्यायचे. १९५६ मध्ये तिथे लागलेल्या अ‍ॅबिगेल इबारा यांचं नाव पुढे गिटारवेड्यांच्या तोंडी झालं ते याच कामामुळे. पण सगळ्यांत भाव खाणारा जुना पिकअप गिब्सनचा. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला आणि १९५७ पासून लेस पॉल गिटारवर बसलेला हंबकर, ‘पॅफ’ या टोपणनावाने ओळखला जाणारा. तो कलामझूच्या कारखान्यात लीसोना यंत्रावर गुंडाळला जाई आणि त्या यंत्रात तार आपोआप मागेपुढे सरके. म्हणजे हस्तकलेचा नमुना म्हणून ज्याची आरती ओवाळली जाते, तो मुळात यंत्रावरच तयार झालेला.

गैरसमज: त्या पिकअपमधला वेगळेपणा कारागिरांनी जाणूनबुजून आणला होता.

अजिबात नाही. एका कॉइलला पाच हजार वेढे हे कागदावर. प्रत्यक्षात बॉबिन भरत आलं की थांबायचं, अशी रीत होती. अल्निको चुंबकाचे वेगवेगळे ग्रेडही त्यात मिसळलेले सापडतात. हंबकरमधल्या दोन कॉइल एकमेकींची गुणगुण मारण्यासाठी असतात, आणि त्यासाठी त्या जुळ्या असायला हव्यात. वेढे कमीजास्त झाले की थोडी गुणगुण उरते, पण वरच्या पट्टीतला काही आवाजही वाचतो. कित्येकांना तोच आवडला. सगळे पॅफ काही अप्रतिम वाजत नाहीत. कथा मात्र चांगल्यांच्याच सांगितल्या जातात.

गैरसमज: संगणकावर चालणारं यंत्र एकसारखे, निर्जीव पिकअप काढतं.

इथे तर गंमतच आहे. अशा यंत्राला वेढे किती, एका थरात किती, तार किती ताणायची, हे सगळं आकड्यांत सांगता येतं. त्याला नीटनेटकं काम सांगितलं तर ते नीटनेटकं करेल. पण प्रत्येक थराची चाल बदल, मधूनच आडवीतिडवी उडी मार, असं सांगितलं तर तेही करेल, आणि तीच विस्कटलेली गुंडाळी शंभर वेळा जशीच्या तशी काढेल. माणसाच्या हाताला हे जमणं नाही. खुद्द गिब्सनने बर्स्टबकर हा पिकअप बाजारात आणला तो दोन कॉइल मुद्दाम बेजोड ठेवून. कलामझूतला ढिसाळपणा आता ड्रॉइंगमध्ये लिहून ठेवला जातो!

उलट, एकच प्रोग्रॅम दिला तरी दोन पिकअप तंतोतंत सारखे निघत नाहीत. तारेच्या जाडीत दोन टक्क्यांचा फरक पडला तर रोधात चार टक्क्यांचा पडतो. शिवाय चुंबकांची ताकदही कमीजास्त असतेच.

गैरसमज: अस्ताव्यस्त गुंडाळलं की आवाज ‘खुलतो’.

पंपाची मोटर रिवाइंड करणाऱ्याने असं काम केलं तर आपण पैसे देणार नाही. इथे जास्तीचे मोजतात. कारण मात्र अगदीच पोकळ नाही. वेढे एकमेकांना चिकटून बसले नाहीत तर कॉइलची कपॅसिटन्स घटते आणि तिचं रेझोनन्स वर सरकतं. प्रश्न किती, हा आहे. समजा कॉइलची इंडक्टन्स २.४ हेन्री आणि कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड आहे. अ‍ॅम्पकडे जाणारी पाचेक मीटरची केबल त्यात सहज ५०० ची भर घालते. आता गुंडाळी विस्कटून कॉइलचे १०० चे ८० केले, तरी रेझोनन्स ४.२ किलोहर्ट्झच्या आसपासहून दोन टक्केही हलत नाही. केबल आखूड घेतली तर त्याहून मोठा फरक पडेल. माझ्या मते वेढ्यांची संख्या, तार आणि चुंबक यांचं ठरलं की बाकीचं बरंचसं जाहिरातीतच ऐकू येतं.

गैरसमज: मल्टिमीटरवर ओहम जास्त, म्हणजे पिकअप दमदार.

तार एक नंबर बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत रोध सुमारे पाव पटीने वाढतो. आउटपुट वाढत नाही. आणि तांब्याचा रोध तापमानाप्रमाणेही बदलतो. एसी दुकानात २२ अंशांना ७.५ किलोओहम दाखवणारा पिकअप नागपूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांना, ८.१ दाखवेल. वेढा एकही वाढलेला नसतो.