पार्सल ही अमानत आहे
सोलापुरात छोटा कुरिअर व्यवसाय सुरू करताना

सोलापूरची चादर, टॉवेल, शाळेचे गणवेश, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांना बाहेरगावी कायमचे गिऱ्हाईक आहे. पूर्वी हा माल गाठोड्यांनी ट्रान्सपोर्टमधून जाई. आता दोन चादरी किंवा अर्धा किलो चटणी असे लहान पार्सल घराघरातून निघते. मोबाईलवर ऑर्डर घेऊन घरी शिलाई करणाऱ्या आपल्या भगिनींना प्रत्येक पार्सलसाठी काम सोडून बाजार गाठणे जमत नाही. त्यांची ही अडचण म्हणजेच एखाद्या होतकरू तरुणाचा रोजगार.

माल पोचवण्याचा धंदा आपल्याकडे नवा नाही. ठरावीक रकमेत माल पोचवण्याची हमी घेणाऱ्याला पूर्वी हुंडेकरी म्हणत. हे आडनाव आजही आढळते. शहराची जागाही सोयीची आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग इथूनच जातो आणि विजापूर अवघे शंभर किलोमीटरवर आहे.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्याच दिवशी स्वतःची मुंबई-पुणे लाईन काढू नये. घरोघरी जाऊन पार्सल गोळा करावे, बाहेरगावचे मोठ्या कंपनीकडे किंवा टपाल खात्याकडे सोपवावे आणि शहरातले स्वतः पोचवावे. पुढे जम बसला की एखाद्या कंपनीची एजन्सी घेता येते. टपाल खात्याचीही फ्रँचायझी योजना आहे.

हिशेब आधी कागदावर मांडा. समजा, रोज 25 पार्सल आणि प्रत्येकी 30 रुपये सुटतात. महिन्याचे 26 दिवस धरले तर 19,500 रुपये झाले. पेट्रोल 3,900, पॅकिंग व फोन 2,000 आणि गाळ्याचे भाडे 4,000 वजा केले की हातात 9,600 उरतात. पार्सल 15 वर आले आणि खर्च तेवढाच राहिला, तर उरतात फक्त 1,800! म्हणून काम वाढेपर्यंत गाळा घेऊ नये, घरातली एक कोरडी खोली पुरते. गाडीचा विमा व्यवसायासाठी चालतो का, हे विमा कंपनीला आधीच विचारावे.

वजनाची मेख

कंपन्या हलक्या पण मोठ्या खोक्याचे भाडे आकारावरून लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात. 40×40×30 च्या खोक्यात चार किलो टॉवेल असले तरी भाडे 9.6 किलोचे लागते. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे. टॉवेल घट्ट दाबून लहान खोक्यात भरून दिले, तर त्याचे पैसे वाचतात आणि तो पुन्हा तुमच्याकडेच येतो. काट्यात मात्र रतीभरही फरक नको. मापात पाप करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशारा व्यापाऱ्याने विसरू नये.

पैसा कुणाचा?

या धंद्यात माणूस बुडतो तो बहुधा ‘कॅश ऑन डिलिव्हरी’त. दिवसभरात खिशात दहा हजार जमतात, पण त्यातले आपले असतात दोन-तीनशे. बाकी विकणाऱ्याची अमानत. त्यातून घरचे रेशन किंवा मुलांची फी भरली, की उद्याच्या वसुलीतून आजचे देणे भागवावे लागते आणि ही साखळी एक दिवस तुटतेच. दोन वेगळी बँक खाती ठेवा आणि रोज संध्याकाळी हिशेब चुकता करा.

कागदपत्रे आणि भांडवल

‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. कामगार थोडेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाईन सूचना देणे पुरते. उलाढाल वर्षाला 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. 50 हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर पाठवताना ई-वे बिल पाहावे.

मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळते. व्याज टाळायचे असेल तर घरची दुचाकी, एक वजनकाटा आणि नातलगाची भागीदारी एवढ्यावरही सुरुवात होते. मात्र नफा-तोट्याचा वाटा लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून ठरवावा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआननेच दिली आहे. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांचेच पुढे बिनसते.

पार्सल हरवले, भिजले तर फोन बंद ठेवू नका. त्याच दिवशी कळवा. भरपाई किती मिळेल, हे पावतीवर आधीच छापलेले असावे. वेळेवर पोचलेले पार्सल गिऱ्हाईक विसरते. हरवलेल्या पार्सलच्या वेळी तुम्ही कसे वागलात, हे मात्र सारा मोहल्ला लक्षात ठेवतो.