घरातील वीज वारंवार ट्रिप होणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातील वितरण पेटीत, म्हणजे ज्याला सर्रास ‘डीबी’ म्हटले जाते तिच्यात, मुख्यतः दोन प्रकारची संरक्षक साधने असतात. तारेतून ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की एमसीबी मंडल तोडतो. तर आरसीसीबी हा फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो व त्यांत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह भलत्या वाटेने जमिनीत गळू लागला, की पुरवठा बंद करतो. दोहोंची कामे वेगळी असल्यामुळे कोणता खटका पडला, केव्हा पडला आणि किती वेळाने पडला, यावरून दोषाचे स्वरूप बहुतांशी ओळखता येते. मात्र काही रूढ समजुतींमुळे हे निदान चुकते आणि दोषाऐवजी संरक्षणच काढून टाकले जाते.

गैरसमज 1 : एमसीबी सारखा पडत असेल, तर अधिक क्षमतेचा बसवावा.

वस्तुस्थिती : एमसीबीची क्षमता उपकरणांकडे पाहून नव्हे, तर भिंतीतील तारेकडे पाहून ठरवलेली असते. एकाच मंडलावर 2000 वॅटचा गीझर, 2000 वॅटची इंडक्शन शेगडी आणि 1500 वॅटची किटली एकदम चालली, तर 230 व्होल्टला सुमारे 24 अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे 16 अँपिअरच्या एमसीबीच्या मर्यादेच्या दीडपट. अशा वेळी आतील द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि खटका काही मिनिटांनी पडतो, मानकानुसार 1.45 पट प्रवाहाला तो एका तासाच्या आत पडलाच पाहिजे. याउलट शॉर्टसर्किट झाले, तर विद्युतचुंबकामुळे तो तत्क्षणी पडतो. त्याजागी 32 अँपिअरचा एमसीबी बसवला, तर खटका पडायचे थांबते, पण 1.5 चौरस मिलिमीटरची तार तापत राहते, तिचे आवरण वितळू लागते आणि आगीचा धोका निर्माण होतो. खरा उपाय म्हणजे जड उपकरणांना पुरेशा जाडीच्या तारेचे स्वतंत्र मंडल देणे.

गैरसमज 2 : आरसीसीबी उगीचच पडतो, तो काढून लाइन ‘डायरेक्ट’ करणे सोयीचे.

वस्तुस्थिती : घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडतो, कारण त्याहून अधिक प्रवाह शरीरातून काही काळ वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. पावसाळ्यात तो अधिक वेळा पडतो, त्यामागे बहुधा गच्चीवरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये किंवा पाण्याच्या मोटरीच्या जोडणीत शिरलेला ओलावा असतो. गीझरच्या तडा गेलेल्या एलिमेंटमुळेही हेच घडते. काही घरांत इन्व्हर्टर बसवताना त्याच्या मंडलाचा न्यूट्रल आरसीसीबीला वळसा घालून जोडला जातो. मग जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही व गळती नसतानाही खटका पडतो. संगणक आणि एलईडी दिव्यांच्या अंतर्गत मंडलांतून होणारी अत्यल्प गळतीही एकत्र साठून मर्यादेजवळ पोहोचू शकते. तेव्हा मंडले दोन आरसीसीबींवर विभागावीत. 100 मिलिअँपिअरचे साधन बसवणे हा पर्याय नव्हे, कारण ते माणसाचा जीव वाचवण्याइतके संवेदनशील नसते.

गैरसमज 3 : अर्थिंग चांगले असेल, तर आरसीसीबीची गरज नाही.

वस्तुस्थिती : घराच्या अर्थिंगचा रोध 10 ओहम असेल, तर फेज गीझरच्या धातूच्या टाकीला टेकल्यावर जमिनीकडे जास्तीत जास्त 23 अँपिअर प्रवाह वाहील. तेवढ्या प्रवाहाला 16 अँपिअरचा एमसीबी लगेच पडत नाही आणि मधल्या काळात टाकीवर, तसेच नळावरही, धोकादायक विद्युतदाब राहू शकतो. आरसीसीबी हीच गळती सेकंदाच्या काही शतांश भागात तोडतो. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी ही परस्परपूरक व्यवस्था आहे. तरीही आरसीसीबी म्हणजे संपूर्ण अभय नव्हे : जमिनीपासून अलग असलेल्या व्यक्तीने फेज आणि न्यूट्रल या दोहोंना एकदम स्पर्श केला, तर आरसीसीबीला गळती आढळत नाही आणि खटका पडत नाही.

गैरसमज 4 : बटण बंद आहे, म्हणजे ते उपकरण दोषी नाही.

वस्तुस्थिती : भिंतीवरचे बटण सहसा फक्त फेज तोडते, न्यूट्रल उपकरणाला जोडलेलाच राहतो आणि उपकरणाच्या आत न्यूट्रल अर्थला टेकला असेल, तर बटण बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो. म्हणून दोष शोधताना सर्व प्लग काढावेत, सर्व एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा, मग एकेक एमसीबी चढवावा आणि शेवटी एकेक उपकरण जोडावे. ज्या टप्प्यावर खटका पडतो, तेथेच दोष असण्याची शक्यता अधिक. सर्व प्लग काढूनही आरसीसीबी टिकत नसेल, तर दोष तारांमध्ये किंवा दिवे-पंख्यांसारख्या कायम जोडलेल्या उपकरणांमध्ये असू शकतो. अशा वेळी वायरमनकडून मेगर या उपकरणाने तारांच्या आवरणाचा रोध मोजून घ्यावा. 500 व्होल्टच्या चाचणीत तो किमान 1 मेगाओहम अपेक्षित असतो.

गैरसमज 5 : खटका पडला की पुन्हा वर करावा, कधीतरी टिकेल.

वस्तुस्थिती : भारामुळे पडलेला एमसीबी थंड व्हायला काही मिनिटे लागतात, म्हणून भार कमी करून, थांबून तो एकदा चढवणे योग्य ठरते. पण चढवताच तो पडत असेल, तर प्रत्येक प्रयत्नात शॉर्टसर्किटचा प्रचंड प्रवाह त्याच तारेतून जातो आणि एमसीबीचे संपर्कबिंदूही जळतात. डीबीतून जळका वास येणे किंवा स्क्रूजवळ तार काळवंडणे ही सैल जोडणीची लक्षणे असून, तिच्या उष्णतेनेही एमसीबी मर्यादेआधीच पडू शकतो. अशा वेळी मेन स्विच बंद ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवावे आणि दुरुस्तीनंतर आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून तो खरोखर पडतो की नाही, हे त्याच्यासमोरच पडताळून घ्यावे. चाचणीत न पडणारा आरसीसीबी पेटीत केवळ जागा अडवतो. घराला संरक्षण आहे असा खोटा विश्वास निर्माण करणारे असे साधन त्याच दिवशी बदलले पाहिजे.