तळपाय चोळा, पण रक्तदाबही मोजा

चिनी परंपरेतील स्वमर्दनात मूत्रपिंडांसाठी मुख्यतः कंबर आणि तळपाय चोळतात. दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे, कमरेवर कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकवायचे आणि ऊब आत उतरेपर्यंत वर-खाली चोळायचे. मग तळपाय. पायाची बोटे आत वळवल्यावर पुढच्या भागात जो खळगा पडतो, तो ‘योंगचुआन’ बिंदू. आतल्या घोट्याच्या मागे, टाचेच्या जाड शिरेच्या अलीकडे ‘ताइशी’ हा दुसरा बिंदू असतो; तो अंगठ्याने हळूहळू दाबतात.

हे सारे ज्या ‘मूत्रपिंडा’साठी करायचे, ते चिनी वैद्यकात रक्त गाळून लघवी तयार करणाऱ्या अवयवापुरते नसते. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथापासून वाढ, प्रजनन, हाडे आणि कान यांचा कारभार त्याच्याकडे दिलेला आहे. म्हणून कंबर दुखणाऱ्याला किंवा कानात आवाज येणाऱ्याला चिनी वैद्य ‘मूत्रपिंड अशक्त’ असल्याचे सांगतो. त्याच माणसाच्या रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, अगदी योग्य प्रमाणात असू शकते. ही गल्लत टाळली नाही, तर खरा आजार हाताखालून निसटतो.

महाराष्ट्राला चिनी वैद्यक परके नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे अॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. राज्यात या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदाही आहे. तळपाय चोळणे तर मराठी घरांत जुनेच आहे. तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने पाय घासून घेणारी माणसे छत्रपती संभाजीनगरातही भेटतील. अशा चोळण्याने आखडलेले स्नायू सैलावतात, शरीराला आराम वाटतो, झोप लागायला मदत होते. एवढा लाभ खरा आहे आणि तो फुकट मिळतो.

मूत्रपिंडांचे नुकसान मात्र मर्दनाने भरून येत नाही. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. ती निकामी होऊ लागली तरी आरंभी दुखत नाहीत. निम्म्याच्या आसपास क्षमता गेल्यावरच बहुधा रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते. आजारामागची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. त्यात मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला पुरेसे पाणी मिळत नाही आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या रोज पोटात जातात. पाण्याची कमतरता आणि वेदनाशामके हे दोन्ही एकत्र आले, की मूत्रपिंडांवरचा घाव अधिक खोल बसतो.

चिनी उपचारांतले सगळेच निरुपद्रवी नाही, हेही सांगायला हवे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधांत अॅरिस्टोलोकिया ही चिनी वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. चोळण्यातही काही पथ्ये पाळावी लागतात. ताप, लघवीत रक्त किंवा कमरेच्या बाजूला कळ असेल, तर चोळत न बसता डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तळपायावर जोर देऊ नये आणि डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला असलेला हात कोणीही दाबू नये.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्यावे.